फ्रेंच पोस्टरचा सौदा

मी भाव करून जगलेला माणूस आहे. समोरचा जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं, असं धरूनच मी ऐकायला बसतो. भुताखेताच्या गोष्टींत तर मी निम्मंही कधी खरं धरलं नाही. पिंपळावरचं, विहिरीतलं, हायवेवर लिफ्ट मागणारं... पांढरकवड्याच्या ट्रकवाल्यांकडून सगळं ऐकलंय आणि प्रत्येक वेळी एकच विचारलंय — "तू स्वतः पाहिलं का?" उत्तर ठरलेलं. नाही, साडूनं पाहिलं.

त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय याची थोडी लाज वाटते. पण या गोष्टीत साडू वगैरे कोणी नाही. हात माझा होता आणि जे धरलं ते मीच धरलं. यात एक माणूस मी गमावला, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कोणी निव्वळ भुताची आशा धरून वाचणार नाही.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. जिल्हा यवतमाळ, तालुका केळापूर. तालुक्याचं नाव केळापूर असलं तरी कचेऱ्या, बाजार, एसटी स्टँड सगळं पांढरकवड्याला. केळापूर गाव तिथून अगदी जवळ, देवीच्या देवळासाठी लोकांना माहीत. माझं जुन्या सामानाचं दुकान हायवेच्या कडेला आहे. बारदाना आणि रिकाम्या बाटल्या विकत घेण्यापासून सुरुवात केली. कोणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही.

ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्याकडे सगळंच कापसावर चालतं. कापूस विकून आलेला माणूस घरच्यांना कपडे घ्यायचा, हॉटेलात भजी खायचा आणि सगळ्यांना घेऊन सिनेमाला बसायचा. ते थांबलं तसे सरकी काढायचे दोन जिनिंग कारखाने बंद पडले, मग टॉकीज बंद पडली. माझं काम मात्र वाढलं. लोक घरं रिकामी करत होते आणि मी गोडाऊन भरत होतो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

त्या टॉकीजचे बोर्ड रंगवणारा माणूस म्हणजे नामाभाऊ पेंटर. राहायला केळापूरला. तरुणपणी जिनिंगमध्ये कामाला होता, तिथे मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली — करंगळी आणि तिच्या शेजारचं. उरलेल्या तीन बोटांत ब्रश धरायला शिकला, आणि असा शिकला की वणीपासून लोक त्याचे बोर्ड पाहायला यायचे. हिरोचा चेहरा दहा फूट उंच, आणि डोळे असे की रस्त्याच्या कुठल्याही बाजूने गेलं तरी तुमच्यावरच. माणूस मोठा गमत्या. मी हातगाडी ढकलत होतो तेव्हापासून आमची ओळख. त्याचे रंगाचे रिकामे डबे मी घ्यायचो आणि प्रत्येक डब्यावर आम्ही अर्धा तास भांडायचो. भांडण संपलं की तो चहा पाजायचा. त्या चहात डब्याची किंमत निघून जायची, हे त्याला कधी कळलं नाही, किंवा कळूनही तो बोलला नाही.

आमचं बिनसलं ते एका बोर्डावरून. एक विनोदी सिनेमा लागला होता आणि त्यात एक कंजूष म्हातारा सावकार होता. नामाभाऊने बोर्ड रंगवताना त्या सावकाराला माझं तोंड दिलं. माझंच नाक, माझी टोपी, हनुवटीवरचा माझा तीळ. तीन आठवडे तो बोर्ड चौकात उभा होता. मी नुकतंच पक्कं दुकान बांधलं होतं, चार मोठ्या लोकांत ऊठबस सुरू झाली होती, आणि गावातली पोरं मला बघून सिनेमातले डायलॉग म्हणायची. माझे सासरे पाहुणे म्हणून आले, त्यांनीही बोर्ड पाहिला. घरी येऊन काही बोलले नाहीत, पण जेवताना दोनदा ठसका लागला.

मी जाऊन नामाभाऊला चारचौघांत जे बोलायचं ते बोललो. तो गोंधळून गेला. म्हणाला, त्याला वाटलं होतं मी खूश होईन. एवढ्या मोठ्या बोर्डावर गावातलं दुसरं कोणाचं तोंड कधी आलं होतं? मी म्हणालो, आजपासून तुमचं माझं काही नाही. आणि नऊ वर्षं मी शब्द पाळला. माझ्या रागाची गॅरंटी मी विकलेल्या कुठल्याही पंख्यापेक्षा जास्त आहे.

टॉकीज बंद झाली, त्यात फ्लेक्स आले. दुकानाच्या पाट्यासुद्धा कोणी रंगवून घेईना. त्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीवरून निरोप आला की नामाभाऊ आणि वहिनी केळापूरचं घर सोडून आदिलाबादला मुलीकडे जाताहेत. सामान काढायचंय, किसनला पाठवा. किसन म्हणजे मी. पांढरकवड्यात जुनं सामान घेणारे आणखी दोघं होते. त्याने माझंच नाव का घेतलं, याचा मी तेव्हा जो अर्थ काढला तो असा — आला शेवटी वाकायला.

मी गेलो ते त्या निरोपामुळे, आणि आणखी एका गोष्टीमुळे. नामाभाऊच्या घरी भिंतीवर एक परदेशी पोस्टर होतं.

ते पोस्टर मी पहिल्यापासून पाहत आलो होतो. फार वर्षांपूर्वी अमरावतीहून रिळांच्या पेट्या आल्या, त्यातल्या एका पेटीच्या तळाशी ते घडी करून टाकलेलं निघालं. टॉकीजच्या मालकाने फेकून दिलं, नामाभाऊने उचललं, मागून कापड चिकटवलं आणि घरात लावलं. यवतमाळच्या एका प्राध्यापकाने वाचून सांगितलं की हे फ्रेंच आहे, भुताचा सिनेमा आहे, पण हसवणारा. सिनेमाचं नाव मला वाचता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

चित्र मात्र डोळे मिटून सांगू शकतो. पिवळीजर्द पार्श्वभूमी. वर लाल, वाकडीतिकडी अक्षरं, थंडी वाजल्यासारखी. मध्ये जेवणाचं टेबल, त्यावर जमिनीपर्यंत आलेलं पांढरं कापड. टेबलाशी एक लठ्ठ साहेब बसलाय, मिशा वर वळलेल्या, गाल लाल, डोळे सुखाने मिटलेले. शेजारी हिरव्या झग्यातली बाई. साहेबाचा हात कापडाखाली गेलाय आणि त्याला वाटतंय आपण बाईचा हात धरलाय. पण बाईचे दोन्ही हात टेबलावर आहेत, एकात काटा, दुसऱ्यात ग्लास. कापडाचा एक कोपरा किंचित उचललेला आहे. तिथून काळ्या कोटातलं एक हाडकुळं भूत बाहेर बघून डोळा मारतंय. त्याच्या मनगटावर पांढऱ्या हातमोज्याची कड दिसते, हात दिसत नाही. हात त्या साहेबाच्या हातात आहे.

नामाभाऊ हे चित्र नवीन माणसाला समजावून सांगायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा. रंग कसा लावायचा ते या चित्राने शिकवलं, असं म्हणायचा. आणि माझ्याकडे नागपूरहून जुन्या सिनेमाच्या वस्तू घेणारा एक माणूस येत असे. परदेशी पोस्टर दिसलं तर आधी मला सांगा, असं तो बजावून गेला होता.

मे महिना, दुपारी तीनची वेळ. मी माझा तीनचाकी टेम्पो घेऊन केळापूरला पोचलो. नामाभाऊ अंगणाकडच्या खोलीत बाजेवर बसला होता. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून म्हणाला, "आला काय रे? नऊ वर्षं लागले तुले केळापूरले याले?"

मी म्हणालो, सामान दाखवा.

त्याचा चेहरा जरा उतरला, पण त्याने दाखवलं. शिडी, रंगाचे डबे, प्लायचे बोर्ड, अक्षरांचे पत्र्याचे साचे. मी प्रत्येक वस्तूला नावं ठेवली. ही माझी कामाची पद्धत आहे — वस्तू चांगली असली की मी जास्त नावं ठेवतो. त्याने एकाही वस्तूला भाव धरला नाही. जे म्हटलं त्याला हो म्हणाला. मला मजा येत नव्हती. समोरच्याने ओढून धरलं नाही तर दोरी खेचण्यात काय अर्थ?

शेवटी मी सहज बघितल्यासारखं पोस्टरकडे पाहिलं. म्हणालो, घड्या पडल्यात, खालचा कोपरा उंदराने खाल्लाय, कापड सुटायला आलंय.

नामाभाऊ खुलला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जुना गमत्या माणूस आला. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांना पाहून तो मला डोळा मारत म्हणाला, "हिच्यासमोर याचा भाव नोको बोलू. टाक दुपट्टा. बाजारासारखा सौदा होऊ दे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा. आकडा हजारात की शेकड्यात, एवढंच मोठ्याने म्हणायचं. घेणाऱ्याने आधी विकणाऱ्याचा पूर्ण पंजा हातात घ्यायचा, मग जितके द्यायचे तितकी बोटं दाबायची. विकणाऱ्याला पटलं नाही तर तो घेणाऱ्याची बोटं दाबून आकडा वाढवतो. पटलं तर दोनदा दाबतो. दोनदा दाबलं की सौदा पक्का, मग देवसुद्धा मोडू शकत नाही. जो मोडतो त्याच्या हातावर पुन्हा कोणी दुपट्टा टाकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात दुपट्ट्याखाली असताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड भाव सांगून टाकतं.

मी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या मांडीवर टाकला, हात खाली घातला आणि म्हणालो, "हजारात." आणि रीतीप्रमाणे मान वळवून समोरच्या भिंतीकडे, म्हणजे त्या पोस्टरकडेच, बघत राहिलो.

नामाभाऊ काहीतरी म्हणाला. मला वाटतं, चहा म्हणाला. माझं लक्ष नव्हतं.

हातात पंजा आला. मी तो धरला, आणि एक बोट दाबलं. मला वाटलं होतं तो हसेल, चार दाबेल, मी दोनवर येईन, तासभर ओढाताण होईल. पण त्या हाताने जराही वेळ न लावता माझं बोट दोनदा दाबलं. एक, दोन. झालं.

मला इतका आनंद झाला की लिहिताना शरम वाटते. नऊ वर्षांचा राग एका दमात वसूल झाल्यासारखं वाटलं. मी दुपट्टा ओढून घेतला आणि म्हणालो, "एक हजार. पक्का."

दुपट्ट्याखाली माझा एकट्याचा हात होता. एक बोट पुढे काढलेलं.

नामाभाऊ बशीतून चहा पीत होता. तीन बोटांनी बशी पेलत नाही म्हणून तो नेहमी दोन्ही हातांनी धरायचा. बशी अर्धी भरलेली होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, मी हात तरी कुठं घातला अजून? चहा पिऊ दे म्हटलं न तुले."

आणि हसला.

त्याने हसायला नको होतं. एवढंच मला आजही वाटतं. तो हसला आणि मला चौकातला बोर्ड दिसला, टोपी दिसली, तीळ दिसला. मी उभा राहिलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. सौदा झाल्यावर हात नाकारणारा माणूस मी गुरांच्या बाजारातसुद्धा पाहिला नाही, असं म्हणालो. तुमची दोन बोटं गेली, इमान कधी गेलं, असंही म्हणालो. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय.

त्याचं हसू थांबलं. बशी खाली ठेवली. वहिनी मध्ये पडल्या. म्हणाल्या, "भाऊजी, यायचे दोनी हात बशीले होते. मी इथीच उभी हाओ न. तुमी कायले खोटं बोलून राह्यले?"

मी म्हणालो, तुम्ही दोघं एकाच शाळेतले. खिशातून नोटा काढून बाजेवर टाकल्या आणि भिंतीवरचं पोस्टर खिळ्यांसकट उपटलं. वरचा कोपरा फाटला. तो फाटण्याचा आवाज ऐकून नामाभाऊने मान खाली घातली.

"ने," तो म्हणाला. "सौदा झाला म्हणतं न तू? मंग झाला."

केळापूरहून निघालो. हायवेला लागण्याआधी गिअर टाकायला हात दांड्यावर ठेवला, आणि माझी बोटं त्या दांड्याच्या गोळ्याभोवती मिटली. तेव्हा आठवलं. म्हणजे डोक्याला नाही, हाताला आठवलं.

मी पूर्ण पंजा धरला होता. अंगठा, आणि ओळीने चार बोटं.

टेम्पो बाजूला घेतला. मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा तो हात आठवला. पाच बोटं. चूक नव्हती. बोटं मोजणं हा माझा धंदा आहे. आणि दुसरं म्हणजे तो हात कोरडा होता. मे महिन्यात आमच्याकडे कोणाचा हात कोरडा असतो? गरम नाही, थंड नाही. धुवून वाळवलेल्या मलमलीसारखा.

तुमच्यातले हुशार वाचक म्हणतील, डावा असेल. मीही तोच विचार केला, कारण सुटकेची वाट सगळेच शोधतात. पण डाव्या हातात नामाभाऊ लोखंडाचं कडं घालायचा, हाताला पंचवीस वर्षांच्या टर्पेंटाइनने भेगा पडलेल्या होत्या. आणि दोन्ही हात बशीला होते. मी मान परत त्याच्याकडे वळवली तेव्हा बशी हलतही नव्हती.

मागे जाऊन पोस्टर उलगडलं. इथे लोकांना वाटेल की चित्र बदललं होतं, भूत गायब होतं वगैरे. तसं काही नाही. होतं तसंच होतं. साहेब डोळे मिटून बसलेला, बाईचे हात टेबलावर, भूत डोळा मारतंय. मी त्या साहेबाकडे बघत राहिलो. कितीतरी वर्षं मी त्याला हसलो होतो.

त्याच क्षणी टेम्पो वळवायला हवा होता. केळापूर मागे दिसत होतं. पण परत जायचं म्हणजे काय म्हणायचं? वहिनी खऱ्या होत्या, मी खोटा होतो, हे तोंडाने म्हणावं लागणार होतं. मी घरी गेलो.

पाचव्या दिवशी गेलो. तोपर्यंत झोप नव्हती, जेवण नव्हतं, बायको विचारून थकली होती. पोस्टरची गुंडाळी घेऊन मी त्यांच्या अंगणात उभा राहिलो. सामान बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. नामाभाऊ एका ट्रंकेवर बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाच बोटं, कोरडा हात, दोनदा दाबलं ते. म्हणालो, भाऊ, हे परत घ्या, तुमच्या घरात काहीतरी आहे.

मला वाटलं होतं तो घाबरेल. किंवा हसेल. त्याने आपला उजवा हात मांडीवर ठेवून पाहिला, तीन बोटांचा. बराच वेळ पाहिला.

मग म्हणाला, "म्हणजे तू हात धरला, अन् माहा हाये का नाही, एवढंबी पाहिलं नाही."

ज्याचा हात पंचवीस वर्षं ओळखीचा होता, त्याच्या हाताची बोटं मला भाव कमी होतोय या आनंदात कळली नाहीत. भूत कोण होतं, कुठून आलं, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. त्याला त्यात काही नवल वाटलं नसावं.

मी गुंडाळी पुढे केली. त्याने घेतली नाही.

"दुपट्ट्याखालचा सौदा वापस होत नसते, तुलेच मालूम हाये," तो म्हणाला. "अन् तो कागद मी तुलेच देणार होतो. म्हणून त बोलावलं. मागतलं असतं त तसाच देला असता. तुले मागता येत नाही, किसन. भाव करता येते."

वहिनींनी पाणी दिलं. मी प्यायलो आणि निघालो. त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या नाहीत. आमच्याकडे शत्रूलाही फाटकापर्यंत सोडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं आदिलाबादला गेले. मी स्टँडवर जायला निघालो होतो. गिऱ्हाईक आलं. खरं सांगायचं तर गिऱ्हाईक गेल्यावरही वेळ होता.

नागपूरचा तो माणूस पावसाळ्यात आला. पोस्टर बघून त्याचे डोळे मोठे झाले. म्हणाला, भाव बोला. माझ्या तोंडून आकडा निघेना. त्याला वाटलं मी किंमत वाढवतोय, म्हणून तो स्वतःच चढत गेला. शेवटी मी म्हणालो, विकायचं नाही. माझ्या दुकानात हे शब्द तोपर्यंत कोणी ऐकले नव्हते, मीसुद्धा नाही. पोस्टर आजही गल्ल्याच्या मागे आहे, फाटक्या कोपऱ्यासकट. कोणी काही चमत्कारिक पाहिलं असं झालेलं नाही. दुपट्ट्याचा सौदा मात्र मी सोडला. लोकांना वाटतं, वय झालं.

तीन वर्षांनी कळलं की नामाभाऊला लकवा मारला. आदिलाबाद काही लांब नाही. तरी ते अंतर कापायला मला आणखी दीड महिना लागला. जाताना पोस्टर नेलं नाही. फक्त मागायला गेलो होतो, माफी. कशी मागतात ते वाटेत गाडीत बसून मनात घोळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मला भाव केल्यासारखं ऐकू येत होतं.

मुलीचं घर लहान होतं, स्वच्छ होतं. वहिनी वाळल्या होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत या म्हणाल्या. नामाभाऊ खाटेवर उताणा होता. तोंड एका बाजूला गेलेलं, बोलता येत नव्हतं. डोळे उघडे होते, पण मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

मी खाटेशी बसलो आणि त्याचा उजवा हात हातात घेतला. आधी बघितला, मग घेतला. तीन बोटं. मी बोलायला लागलो. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, जे आलं ते बोललो. इमानाबद्दल बोललो होतो ते परत घेतो म्हणालो. स्टँडवर आलो नाही तेही सांगितलं. हात तसाच पडून राहिला.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्या हाताचं यायले आता काई समजत नाही. डावा धरा."

मी उठून दुसऱ्या बाजूला गेलो. डावा हात धरला. कडं काढलेलं होतं, पण त्याचा वळ होता. तळवा खरखरीत, भेगाळलेला, आणि गरम. नक्की सांगतो, त्या दुपारी मी धरला तो हात हा नव्हता. तो कोणाचा होता ते मला तेव्हा कळलं नाही आणि आज हे लिहितानाही कळत नाही. माझ्या मुलाने सांगून पाहिलं — उन्हाचा त्रास, मनाचे खेळ. मी ऐकून घेतो. तुम्हीही सांगा, तेही ऐकेन.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. मी "नामाभाऊ" म्हणालो आणि त्याने माझा हात दाबला. एकदा. अगदी हलका, पण दाबला.

सौदा पक्का व्हायला दोनदा लागतं. मी तिथेच बसून राहिलो. वहिनींनी चहा आणला, तो गार झाला. चारची गाडी गेली. सहाची शेवटची होती. साडेपाच वाजता मुलगी म्हणाली, काका, बाबा झोपले. मी हळूच हात सोडवून घेतला आणि निघालो.

त्या वेळी वहिनी फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यानंतर बारा दिवसांनी नामाभाऊ गेल्याचा निरोप आला.